मागची बाजू वाचा, मग पैसे द्या

दिवाळी तोंडावर आली आहे. येत्या काही दिवसांत उटणं, साबण, सुगंधी तेल, अत्तर, फेसपॅक, नेलपॉलिश यांची खरेदी होईल. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, आणि मग पार्लरवाल्या ताईंना जेवायलाही फुरसत उरत नाही. परदेशी राहणारी भावंडं, मुलं-सुना याच सुमारास घरी येतात आणि त्यांच्या बॅगांतून क्रीमं, सनस्क्रीन, लिपस्टिका निघतात. या सगळ्या खरेदीच्या आणि आणलेल्या भेटींच्या आधी एक विनंती करायची आहे. ती आत्ताच करायला हवी, कारण बाटल्या घरात आल्यावर जानेवारीत करून काही उपयोग नाही. पैसे देण्याआधी डबी, बाटली, खोकं उलटं करा, मागचा बारीक मजकूर वाचा आणि दुकानदाराला, कंपनीला, गरज पडली तर अमेरिकेहून येणाऱ्या भाच्यालाही विचारा: हे बाजारात यायच्या आधी कुठल्या प्राण्यावर तपासलं गेलं का?

‘पण आपल्याकडे तर बंदी आहे ना?’ असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि चांगली आहे. जून २०१३ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या समितीने सौंदर्यप्रसाधनांच्या सुरक्षिततेच्या मानकातून, म्हणजे आयएस ४०११ मधून, प्राण्यांवरच्या चाचण्या काढून टाकल्या. मे २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधं व सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत १४८-सी हा नियम घातला. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी कोणीही कोणताही प्राणी वापरायचा नाही, एवढंच तो सांगतो. सरकारी भाषेत इतका सरळ नियम क्वचित सापडतो. त्याच वर्षी १३५-बी आला आणि १२ नोव्हेंबर २०१४ पासून प्राण्यांवर तपासलेल्या प्रसाधनांची आयातही बंद झाली. पुढे २०२० मध्ये सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम झाले, त्यांतही ही बंदी कायम राहिली. दक्षिण आशियात असं पाऊल उचलणारा भारत हा पहिला देश.

पण बंदी आल्याबरोबर आपण सगळे निर्धास्त झालो. ससे सुटले, विषय संपला, असं धरून चाललो. कायद्याचा हात जिथे पोचत नाही अशा जागा अजून आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आपल्या घरातच आहेत.

स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट उघडा. लादी पुसायचं द्रावण, संडास साफ करायचं लिक्विड, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर. यातलं काहीही ‘सौंदर्यप्रसाधन’ नाही. १९४० च्या मूळ कायद्याप्रमाणे प्रसाधन म्हणजे माणसाच्या अंगाला लावायची, चोळायची, त्यावर ओतायची किंवा शिंपडायची वस्तू. अंगाचा साबण त्यात बसतो, लादीचं लिक्विड बसत नाही. फेस आणणारं एकच रसायन शाम्पूतही असतं आणि डिटर्जंटमध्येही. ते शाम्पूसाठी तपासताना ससा सुरक्षित आहे, लादीच्या बाटलीसाठी तपासताना ही बंदी त्याच्या मदतीला येत नाही. हा फरक सशाच्या डोळ्याला कळत नाही. इस्रायलने हे भोक बुजवलं. त्यांनी २००७ मध्ये प्रसाधनांबरोबर सफाईच्या वस्तूंसाठीही प्राण्यांवरच्या चाचण्या बंद केल्या, आणि २०१३ पासून अशा वस्तूंची आयात-विक्रीही थांबवली. आपल्याकडे हे व्हायला काय अडचण आहे, हे मला खरोखर समजलेलं नाही. कोणी मागितलंच नाही, हे एक कारण असावं.

दुसरी जागा म्हणजे प्रवाशाची बॅग आणि परदेशातून थेट घरपोच येणारं पार्सल. रीतसर आयात होणाऱ्या प्रसाधनाला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीचा क्रमांक व आयातदाराचं नाव-पत्ता वेष्टनावर छापावा लागतो. मामेबहिणीने न्यू जर्सीहून आणलेल्या डबीवर हे काही नसतं, आणि वैयक्तिक वापराच्या दोन डब्यांबद्दल विमानतळावर कोणी विचारतही नाही. अमेरिकेत संपूर्ण देशाला लागू अशी बंदी झालेली नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा करून २०२० पासून अशा प्रसाधनांच्या विक्रीवर निर्बंध घातले, त्यानंतर आणखी काही राज्यांनी तेच केलं, पण बाकी राज्यांत मोकळीक आहे. त्यातून सनस्क्रीन तिथे प्रसाधन नसून औषध मानलं जातं आणि त्याचे नियम निराळे. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किंवा कुठल्याही शहरातल्या ‘इम्पोर्टेड’ दुकानात नोंदणी क्रमांकाशिवाय विकायला ठेवलेली परदेशी क्रीमं मात्र बॅगेतल्या भेटीसारखी माफ नाहीत. ती बेकायदा आहेत. तिथे खरेदी करू नका, आणि जमलं तर तक्रार करा.

तिसरी जागा वाक्यांत लपलेली आहे. कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एक ठरलेलं वाक्य असायचं, काही ठिकाणी अजूनही सापडतं: आम्ही प्राण्यांवर चाचण्या करत नाही, कायद्याने बंधनकारक असेल तेथे वगळून. पहिला अर्धा भाग वाचून आपलं समाधान होतं. खरी माहिती दुसऱ्या अर्ध्यात असते. चीनमध्ये बाहेरून येणाऱ्या साध्या शाम्पू-लिपस्टिकलाही १ मे २०२१ पर्यंत प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. त्यानंतर काही अटींवर साध्या प्रसाधनांना सूट मिळाली, पण केसांचा रंग, सनस्क्रीन, त्वचा उजळणारी क्रीमं अशा ‘विशेष’ प्रसाधनांना ती मिळाली नाही. म्हणजे युरोपात स्वतःला दयाळू म्हणवणारी कंपनी चीनच्या बाजारासाठी सशाच्या पिंजऱ्याचा खर्च उचलू शकते, आणि तिचीच बाटली मुंबईच्या मॉलमध्ये आपण घेतो. भारतात आलेली बाटली कदाचित तपासलेली नसेलही. पैसा मात्र त्याच गल्ल्यात जातो.

खुद्द युरोपातही गाठ सुटलेली नाही. युरोपीय संघाने तयार प्रसाधनांवरच्या चाचण्या २००४ मध्ये, घटकांवरच्या २००९ मध्ये थांबवल्या आणि ११ मार्च २०१३ पासून अशा वस्तूंची विक्रीही बंद केली. पण रसायनांचा वेगळा कायदा तिथे आहे. कारखान्यातल्या कामगारांच्या सुरक्षेसाठी काही घटकांची प्राण्यांवरची माहिती त्या कायद्याखाली मागितली जाते, घटक फक्त प्रसाधनात वापरला जात असला तरी. जर्मनीतली एक कंपनी सनस्क्रीनच्या दोन घटकांवरून या मुद्द्यावर न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हरली. बंदीचा कायदा आणि तिला वळसा घालणारा कायदा, दोन्ही एकाच इमारतीतून निघतात. सरकारं सगळीकडे सारखीच!

आता या चाचण्यांत नेमकं काय करतात ते सांगायला हवं. ‘प्राण्यांवर प्रयोग’ हे शब्द फार स्वच्छ आहेत.

सर्वांत कुप्रसिद्ध चाचणी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले विषशास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये मांडली. तिच्यासाठी पांढरे ससे घेतात, कारण त्यांच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं आणि लाली पटकन दिसते. ससा गरीब, ओरडत नाही, चावत नाही, स्वस्तात मिळतो. फक्त डोकं बाहेर राहील अशा खोक्यात त्याला अडकवायचं, म्हणजे पंजाने डोळा चोळता येऊ नये. मग खालची पापणी ओढून वाटीसारखी करायची, तिच्यात ०.१ मिलिलिटर द्रव सोडायचा आणि पापण्या क्षणभर मिटून धरायच्या. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. त्यानंतर १ तासाने, २४, ४८ आणि ७२ तासांनी डोळा बघायचा, गरज वाटली तर २१ दिवसांपर्यंत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा किती पांढुरका झाला, सूज किती, लाली किती, पाणी किती गळतंय, या सगळ्याला गुण द्यायचे. जास्तीत जास्त ११०. त्यातले ८० एकट्या पारदर्शक पडद्याचे. भूल आणि वेदनाशामक देणं आंतरराष्ट्रीय पद्धतीत आवर्जून सांगितलं गेलं ते २०१२ मध्ये, म्हणजे ६८ वर्षांनी.

गिनीपिगांची पाठ भादरून तिथे ॲलर्जीची चाचणी होत असे. आणि १९२७ मध्ये ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांडलेली एलडी-५० ही चाचणी होती. दिलेल्या प्राण्यांपैकी निम्मे मरतील इतकी मात्रा शोधून काढायची. तोंडाने नळी घालून. लिपस्टिकसाठीसुद्धा. या चाचणीचं मूळ रूप आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शिकेतून २००२ मध्ये रद्द झालं.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो, कारण ड्रेझ हे कोणी राक्षस नव्हते. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्यूर’ नावाचा पापण्या रंगवायचा रंग विकला जात होता. त्यात पॅराफेनिलीनडायअमाइन हे डांबरी रसायन होतं. तो वापरून कित्येक बायकांचे डोळे सुजले, चिघळले, काहींची दृष्टी गेली आणि एकीचा मृत्यू झाला. तेव्हाचा अमेरिकी कायदा १९०६ चा, आणि त्यात प्रसाधनं नव्हतीच, त्यामुळे सरकारला तो रंग बाजारातून उचलताही येईना. या आणि अशा प्रकरणांच्या संतापातून १९३८ चा नवा कायदा झाला. वस्तू आधी तपासली पाहिजे ही जाणीव आंधळ्या झालेल्या बायकांमुळे आली. ती विसरता कामा नये. प्राण्यांना सोडा म्हणजे माणसांवर काहीही फासा, असं हे आवाहन नाही.

लॅश ल्यूरमधलं ते रसायन कुठे गेलं? ते तुमच्या न्हाणीघरात असू शकतं. काळ्या हेअर डायच्या बऱ्याच पुड्यांत आजही ते असतं. ते खोकं आणा आणि उलटं करा. त्यावर इशारा छापलेला असतो: काही जणांच्या त्वचेला यामुळे त्रास होऊ शकतो, म्हणून आधी थोड्या जागेवर लावून बघा, पापण्या किंवा भुवया रंगवायला वापरू नका, दृष्टी जाऊ शकते. आपल्या कायद्याने सक्तीचा केलेला हा मजकूर. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या बायकांची गोष्ट या खोक्यावर आजही छापली जाते आणि आपण ती न वाचता खोकं फाडतो. सशांवर, गिनीपिगांवर इतकं सगळं करूनही शेवटची चाचणी तुमच्या स्वतःच्या कानामागे करायला सांगितलेली आहेच. मग त्या सशाने आपल्याला नक्की काय दिलं?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला. सशाला तिसरी पापणी असते, त्याचे अश्रू आपल्यापेक्षा कमी, डोळ्याचा पारदर्शक पडदा पातळ. १९७१ मध्ये वाइल आणि स्काला या दोन संशोधकांनी वीसहून अधिक प्रयोगशाळांना एकसारखेच पदार्थ देऊन ड्रेझ चाचणी करायला सांगितलं. एका प्रयोगशाळेला जो पदार्थ निरुपद्रवी वाटला तोच दुसरीला दाहक वाटला. एवढा छळ करून आलेला आकडासुद्धा भरवशाचा नव्हता. तरीही पुढची कित्येक वर्षं चाचणी चालूच राहिली, कारण ती नेहमीची होती आणि कारकुनाच्या फायलीत तिच्यासाठी रकाना होता.

ती हलली ती एका शाळामास्तरामुळे. हेन्री स्पायरा न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत. त्याआधी जहाजावर खलाशी होते. १५ एप्रिल १९८० रोजी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली. रेव्हलॉन कंपनी सौंदर्यापायी किती सशांना आंधळं करते, एवढाच तिचा सवाल होता. कंपनीने आधी कानाडोळा केला. मग ग्राहकांची पत्रं येऊ लागली, कंपनीच्या कार्यालयासमोर लोक सशांचे वेश घालून उभे राहिले. वर्ष संपायच्या आत रेव्हलॉनने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर जाहीर केले. इतर कंपन्याही आल्या, आणि १९८१ मध्ये उद्योगाच्याच पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं. स्पायरा यांच्याकडे मंत्रिपद नव्हतं, पैसा नव्हता. कंपनीला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, हे मात्र त्यांना कळलं होतं: खरेदीदाराच्या प्रश्नाची.

आपल्याकडेही ही परंपरा परकी नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा ज्या खासगी विधेयकातून उगम पावला, ते राज्यसभेत नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलं होतं. ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ ही मूळची इंग्लंडमधली चळवळ, आणि तिची भारतीय शाखा १९७४ पासून पुण्यातून चालते. फर, रेशीम, कस्तुरी आणि प्रसाधनं यांमागे प्राण्यांचं काय होतं, हे लोकांना सांगायचं काम डायना रत्नागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळी सुरू केलं. तेव्हा असं बोलणाऱ्याला लोक वेड्यात काढत असत. २०१४ चा नियम दिल्लीत छापला गेला, पण त्याची जमीन अशा माणसांनी नांगरलेली होती.

पर्याय आहेत का? आहेत, आणि ते कागदावरचे नाहीत. शस्त्रक्रियेत काढलेली त्वचा दात्याच्या परवानगीने घेऊन तिच्यातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत नाण्याएवढ्या त्वचेच्या चकत्या वाढवतात. चकतीवर तपासायचा पदार्थ टाकतात, ठरलेल्या वेळाने धुतात आणि एक पिवळं रसायन सोडतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात, मेलेल्या करत नाहीत. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्या तर पदार्थ दाहक. माणसाच्याच त्वचेचं उत्तर, तेही थोड्या दिवसांत. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने ही पद्धत २०१० मध्ये मान्य केली. डोळ्यासाठीही अशाच वाढवलेल्या पेशींची चाचणी २०१५ पासून मान्य आहे. ॲलर्जीसाठी एकच चाचणी पुरत नाही, म्हणून दोन-तीन चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र धरण्याची पद्धत २०२१ मध्ये ठरली.

सगळं सुटलेलं मात्र नाही. एखादं अगदी नवं रसायन वर्षानुवर्षं वापरल्यावर काय होईल, गर्भावर परिणाम होईल का, याला प्राण्याशिवायची पूर्ण उत्तरं अजून नाहीत. पेशी वाढवायला वापरतात तो द्रवही अनेकदा वासराच्या रक्तातून येतो, हे मी लपवणार नाही. पण सुरक्षित म्हणून माहीत असलेले हजारो घटक हाताशी असताना अगदी नवं रसायन नेलपॉलिशमध्ये घालायची निकड कोणाला आहे? कॅन्सरच्या औषधाचं म्हणाल तर तो वाद वेगळा आहे, अवघड आहे, आणि मला तो इथे उगाच सोपा करायचा नाही. औषधापुढे रुग्ण उभा असतो. चौदाव्या छटेच्या गुलाबी लिपस्टिकपुढे कोण उभं आहे?

हे वाचून बायकांना शहाणपणा शिकवण्याचा उद्योग कोणी सुरू करू नये. मला लिपस्टिकशी भांडायचं नाही. दाढीचा फेस, आफ्टरशेव्ह, डिओडरंट, केसांचं जेल, टूथपेस्ट हीदेखील प्रसाधनंच आहेत आणि पुरुषमंडळी ती डोळे झाकून घेतात.

‘रविवारी मटण हाणता आणि सशासाठी गळा काढता?’ हा टोमणाही ठरलेला. मटण सोडणारा सोडेल, न सोडणारा खाईल, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण मटण खाणाऱ्यालाही सशाच्या डोळ्यात फ्लोअर क्लीनर घालायला नकार देता येतो. एक गोष्ट जमत नाही म्हणून दुसरी करायचीच नाही, असा हिशेब आपण आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मांडत नाही.

‘आम्ही नैसर्गिकच वापरतो’ हे तिसरं उत्तर. घरी दळलेलं उटणं, शिकेकाई, रिठे, नागरमोथा यांना कोणत्याही सशाची साक्ष लागली नाही, हे खरं. बाजारातल्या ‘नैसर्गिक’ बाटलीचं तसं नाही. त्या शब्दावरून चाचणीबद्दल काहीच कळत नाही. आयुर्वेदिक म्हणून परवाना घेतलेल्या क्रीमचा परवाना वेगळ्या विभागाचा असतो, म्हणून तिलाही हाच प्रश्न विचारायचा. काही बाटल्यांवर हिरवा ठिपका दिसतो. तो आत काय आहे ते सांगतो, कशावर तपासलं ते सांगत नाही. ‘व्हेगन’चंही तेच. उडी मारणाऱ्या सशाचं चिन्ह, म्हणजे ‘लीपिंग बनी’, यासाठी कंपनीला कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंतची हमी द्यावी लागते आणि बाहेरच्यांकडून तपासणी करून घ्यावी लागते. मात्र कुठलाही गोंडस ससा छापला म्हणजे ते चिन्ह झालं असं नाही. चित्र काढायला परवाना लागत नाही.

तर मागणं असं आहे.

या दिवाळीत घरात येणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रसाधनावर भारतातला आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता शोधा. नसेल तर घेऊ नका. दुकानात अशी वस्तू राजरोस विकायला असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला आणि गोव्यात तिथल्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाला लेखी कळवा, सोबत वेष्टनाचा फोटो जोडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना निघण्याआधी निरोप द्या की क्रीमऐवजी चॉकलेट आणा. कुणाला वाईट वाटणार नाही.

पार्लर चालवणाऱ्या भगिनींनो, लग्नसराईचा माल तुम्ही आता भराल. एका नवरीच्या मेकअपला किती डब्या उघडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घाऊक विक्रेत्याला हा प्रश्न एका ग्राहकाने विचारला तर तो हसेल. वर्षभर माल उचलणाऱ्या तुम्ही विचारलात तर तो कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावेल. शक्य असेल तर चार-पाच पार्लरांनी मिळून एकाच विक्रेत्याला विचारा.

महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या आणि औषधनिर्माणशास्त्राच्या प्राध्यापकांनाही एक विनंती. वर सांगितलेल्या मानवी त्वचेच्या चकत्यांची पद्धत तुमच्या विद्यार्थ्यांना या सत्रात एकदा तरी सविस्तर शिकवा. उद्या प्रसाधनाच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात तेच बसणार आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आपल्या खासदारांना पत्र लिहा. पत्रात दोनच मागण्या असू द्या: प्रसाधनांसाठीची ही बंदी घरगुती सफाईच्या वस्तूंनाही लागू करा, आणि १९६० च्या कायद्यातल्या शिक्षा आजच्या करा. प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीचा आदेश मोडणाऱ्याला त्या कायद्याच्या २० व्या कलमाखाली जास्तीत जास्त दंड किती आहे? २०० रुपये. एका बऱ्या फेसवॉशची किंमत. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी जाहीर झाला होता. त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला प्रत्येक मतदारसंघातून एक पत्र गेलं तर लोकसभेत साडेपाचशेच्या आसपास पत्रं होतात. तेवढी लिहायला माणसं नाहीत असं नाही.

कंपन्यांना पाठवायचा मजकूर खाली देत आहे. बाटलीवर ग्राहक सेवेचा ईमेल छापलेला असतो, त्यावर तसाच पाठवा, फक्त वस्तूचं नाव भरा.

‘मी आपलं हे उत्पादन वापरतो / वापरते. याचा किंवा यातल्या कोणत्याही घटकाचा आपण, आपल्या पुरवठादाराने किंवा आपल्या वतीने इतर कोणी, जगात कोठेही, प्राण्यांवर चाचणी करून घेतली आहे का? घेतली असल्यास शेवटची चाचणी कोणत्या वर्षी, कोणत्या देशात झाली? आपण हे उत्पादन प्राण्यांवरची चाचणी सक्तीची असलेल्या देशात विकता का? कृपया हो किंवा नाही असं स्पष्ट उत्तर द्यावं. उत्तरावर माझी पुढची खरेदी अवलंबून आहे.’

उत्तरात ‘आमची कंपनी प्राणिमात्रांवर प्रेम करते’ एवढंच आलं तर ते उत्तर नव्हे. आठ दिवसांनी तोच ईमेल पुन्हा पाठवा.